ब्रेकव्हॅनमधला 'मॅनेजर'

1891 मध्ये मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली आणि चारच वर्षांनी शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसवली. तिचा गूळ मालगाड्यांनी दूरदूर गेला. गुळाचा भाव सर्वांनी विचारला. गाडीच्या शेपटाला बसून माल सुखरूप पोचवणाऱ्या गार्डाची वास्तपुस्त कोणी केली नाही.

जानेवारी 2022 मध्ये रेल्वे बोर्डाने त्याला 'ट्रेन मॅनेजर' ही पदवी बहाल केली. कित्येक ब्रेकव्हॅनमध्ये मात्र ना संडास, ना दिवा! गाडी मध्येच अडली, तर याच 'मॅनेजर'ने अंधारात रुळांवरून मागे चालत जाऊन 600 व 1200 मीटरांवर इशाऱ्याचे फटाके लावायचे.

आता शेवटच्या वाघिणीला टेलिमेट्री यंत्र लावून गार्ड व ब्रेकव्हॅन दोन्ही हटवण्याचा घाट आहे. समाजवाद्यांचा विरोध यंत्राला नाही. पण यंत्र हवेचा दाब कळवील. फटाके कोण लावणार? तो बोजा इंजिनातील थकलेल्या दोघांवरच पडणार. कामाच्या तासांना मर्यादा घाला, ही मे 1974 च्या संपातील मागणी होती. ती विसरून केलेली काटकसर म्हणजे कामगाराच्या जिवावरची उधळपट्टी होय. पदव्या पुरे, आधी माणूस म्हणून वागवा!