फ्रीज भाजीसाठी असतो!

बागेतल्या किड्यांचे फोटो काढायला नुकत्याच लागलेल्या माणसाला हमखास एक 'टिप' मिळते. किडा डबीत पकडा, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, मग फुलावर बसवा आणि निवांत फोटो काढा. माझ्या मते हा सल्ला निव्वळ फालतू आहे.

यामागचं शास्त्र सोपं आहे. कीटकांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. गारठले की त्यांना उडता येत नाही. पण मंडळी, हेच काम पहाट फुकटात करते! पुण्याच्या थंडीत ऊन वर यायच्या आत एखाद्या बागेत जाऊन बघा. गवताच्या काडीवर दवात भिजलेला चतुर सापडला, तर तो अंग तापेपर्यंत सहसा हलत नाही. म्हणजे फ्रीज लागतो तो आपल्या रविवारच्या झोपेसाठी.

"एका किड्यानं काय फरक पडतो?" संख्येत काहीच नाही, मान्य. सोसायटीतली एक फवारणी याहून कितीतरी जास्त किडे मारते. संशोधकही नमुने गोळा करतात, पण त्यावर जागा आणि तारखेचं लेबल लावतात. आपण मात्र खाली 'नेचर' लिहून मोकळे! माझं भांडण इथे आहे. चतुर हा डास-माश्या खाणारा शिकारी. त्याला जास्वंदीत बसवून 'मध पिताना' म्हणून टाकणं म्हणजे क्लायंटच्या डेमोसाठी डेटा हार्डकोड करणं. स्क्रीनवर सगळं झकास, आत काहीच चालत नाही.

आणि सगळ्यात जास्त नुकसान नवशिक्याचंच होतं. उडालेला चतुर पुष्कळदा त्याच काडीवर परत येतो, तिथे फोकस लावून थांबायचं असतं, हे त्याला कधी कळणार? लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसते, ती नीट बघितली तर मॉर्मन फुलपाखराची अळी निघू शकते. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिएरो अंडी घालतं. हे सगळं फ्रीजमध्ये दिसत नाही हो.

तंत्र म्हणाल तर तेही अवघड नाही. जुनी ५० मिमी लेन्स उलटी लावायची रिंग काहीशे रुपयांत मिळते. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा आला, की एफ/११ लाही जेमतेम मिलिमीटरभर भाग शार्प येतो. म्हणून फोकस डोळ्यावर ठेवा, पंख मिटलेलं फुलपाखरू असेल तर कॅमेरा पंखाला समांतर धरा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, हळू पुढे सरका. दहातले नऊ फोटो वाया जातील. जाऊ देत, रोल थोडाच संपतोय?

तरीही फ्रीज वापरायचाच असेल, तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहा: 'फ्रीजमधून काढून फुलावर ठेवलेला चतुर'. मग बघू किती लाइक्स येतात ते!