जीभ मवाळ, लेखणी ताठ



आपल्या वस्त्यांमध्ये एक समज घट्ट रुतून बसला आहे. मवाळ बोलतो तो भित्रा आणि आवाज चढवतो तो स्वाभिमानी. हा समज आकाशातून पडलेला नाही. ज्यांच्या आजा-पणजांनी गावात पिढ्यान् पिढ्या 'अरे-कारे' ऐकून घेतले, पाटलाच्या दारात वाकून जोहार घातला, त्यांना मऊ बोलण्याचा संशय येणारच. आमच्या वाट्याला मऊ बोलणे आले ते हुकमाने आले. म्हणून कोणी 'जरा गोड बोलत जा' असा उपदेश करू लागला की आधी विचारावेसे वाटते, कोणापुढे आणि कशासाठी?

परंतु मवाळ बोलणे वेगळे आणि लाचारीने बोलणे वेगळे. हा फरक ज्याच्या जगण्यात लख्ख दिसतो, अशा एका माणसाची आज ओळख करून द्यायची आहे. तो आपल्या धम्माचा नव्हे, ख्रिस्ती होता. आपल्या देशातलाही नव्हे, अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतातला होता. पण पेशाने काही काळ आमच्याच जातकुळीचा, म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून! नाव जॉन वूलमन. जन्म १७२०, मृत्यू १७७२.

वूलमन क्वेकर पंथाचा होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याच्या प्रचारातून हा पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश आहे, मग तो धनी असो की चाकर, अशी त्यांची श्रद्धा. त्या काळच्या इंग्रजी बोलीतही आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा भेद होता. बड्याला 'यू' म्हणायचे आणि गड्याला 'दाऊ'. क्वेकरांनी सरसकट सर्वांना 'दाऊ' म्हणायला सुरुवात केली, अगदी न्यायाधीशालाही. बड्यांपुढे डोक्यावरची टोपी काढायची नाही, हाही त्यांचा नेम. त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. बोलण्यातली उतरंड मोडल्याशिवाय माणसांतली उतरंड मोडत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. आपण 'जयभीम' म्हणतो तेव्हा समोर साहेब असो की सफाई कामगार, शब्द एकच असतो. तेव्हा ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

त्यांच्या प्रार्थनासभेत सगळे गप्प बसतात. ज्याला आतून बोलावेसे वाटेल त्याने उठून बोलावे, नाहीतर सभा शांततेतच संपते. बोलण्यापूर्वी थांबायची सवय त्या घरांतल्या लेकरांना अशी लहानपणापासून लागे.

वूलमनच्या घरचीच एक गोष्ट त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. तो बारा वर्षांचा असताना वडील परगावी गेले होते. आईने कशावरून तरी रागे भरले, तेव्हा पोराने तिला उलट उत्तर दिले. वडील परतले. त्यांनी लगेच त्याला सर्वांसमोर उभे करून फैलावर घेतले नाही. पुढच्या रविवारी सभेहून घरी येताना बापलेक बरोबर चालत होते. तेव्हा बापाने एवढेच सांगितले, की तू आईशी नीट वागला नाहीस असे कळले, पुढे जपून वाग. पोरगा शरमला, काही बोलला नाही. त्यानंतर आईवडिलांना त्याने कधी वावगा शब्द बोलला नाही.

आमच्या चाळीत ही गोष्ट घडली असती तर? संध्याकाळी बाप कामावरून आला की दारातच कागाळी, मग कानशिलात, मग शेजारणी दारात, आणि शेवटी नवरा-बायकोचेच भांडण. मूळ गोष्ट काय होती ते कोणाला आठवत नाही. थकलेल्या माणसाचा राग आम्हांस कळतो. पण त्या बापाने दोन गोष्टी साधल्या. चार दिवस थांबला आणि पोराला चारचौघांत उघडे पाडले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वूलमन एकवीस वर्षांच्या सुमारास माउंट हॉली गावी एका दुकानदाराकडे दुकान सांभाळायला आणि वह्या लिहायला राहिला. त्या मालकाजवळ एक निग्रो बाई गुलाम होती. तिला त्याने विकले आणि कारकुनाला सांगितले, विक्रीखत लिही. गिऱ्हाईक समोर थांबलेले. ते गिऱ्हाईकही क्वेकरच, वयाने वडील! होय, प्रत्येकाच्या अंतरात प्रकाश मानणाऱ्या त्या पंथातही गुलाम बाळगणारे पुष्कळ होते. वूलमनने खत लिहिले. पण मन खाऊ लागले, तेव्हा मालक आणि गिऱ्हाईक दोघांसमोर त्याने सांगितले, की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. बाई मात्र विकली गेली. रोजनिशीत तिचे नावही नाही. नुसत्या सौम्य शब्दांनी तिची बेडी तुटली नाही, हे आपण विसरू नये.

पुढे मात्र त्याने लेखणीच थांबवली. लिहिता येणारा म्हणून लोक त्याच्याकडे मृत्युपत्रे करून घ्यायला येत. एका शेजाऱ्याला जबर दुखापत झाली. त्या काळच्या उपचाराप्रमाणे रक्त काढायला त्याने वूलमनला बोलावले आणि मग मृत्युपत्र लिहायला सांगितले. त्यात कोणत्या मुलाला कोणती गुलाम मुलगी द्यायची, हेही होते. वूलमनने बाकी सर्व लिहिले, तेवढी ओळ सोडली आणि कागद घेऊन त्याच्या बिछान्यापाशी गेला. स्नेहाने सांगितले, की माझ्यासारख्याच माणसाला गुलाम करणारा कागद माझ्या हातून लिहवत नाही. जे लिहिले त्याचे पैसे नकोत, पण हे काम मला सांगू नका. मग दोघे बराच वेळ बोलत बसले. शेवटी त्या शेजाऱ्याने मुलीला मुक्त करायचे कबूल केले आणि मृत्युपत्र पुरे झाले.

दुसरे एक प्रतिष्ठित म्हातारे गृहस्थ त्याचा नकार ऐकून निघून गेले. काही वर्षांनी पुन्हा आले, पुन्हा तोच नकार, पुन्हा स्नेहाचेच बोलणे. काही दिवसांनी तिसऱ्यांदा आले, ते गुलामांना मुक्त करतो असे सांगतच. दार आपटून घालवले असते तर ते परत आले असते काय? आणि गोड बोलून कागद लिहून दिला असता तर परत यायची गरजच काय होती?

१७५७ साली तो दक्षिणेकडील प्रांतांत फिरला. ज्यांच्या घरी मुक्काम करी तेथे गुलाम राबत. तेव्हा फुकटची सेवा नको म्हणून त्यांच्या श्रमाचे पैसे तो चांदीच्या लहान नाण्यांत देऊन येई. यजमानाला टोचेल असा शब्द नाही, पण नाणे पुरेसे बोलत असे! १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत तो या प्रश्नावर उभा राहून बोलला, आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांना समजवायचे सभेने ठरवले. १७७६ मध्ये त्या सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली. ते पाहायला वूलमन हयात नव्हता. साऱ्या अमेरिकेतली गुलामगिरी मोडायला तर मोठे यादवी युद्ध आणि १८६५ साल उजाडावे लागले. त्या चळवळीतल्या सदाचारी लोकांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' पुस्तक अर्पण केले, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक वाचेचा अर्थ सांगताना खरे बोलणे, चहाडी न करणे, शिवीगाळ टाळणे, सर्वांशी आदराने बोलणे हे तर सांगितलेच आहे. पण ते बोलणे वरिष्ठाच्या भीतीने किंवा त्याच्या मर्जीसाठी नसावे, हेही तेथे स्पष्ट आहे. हा दुसरा भाग आमच्या प्रवचनांतून बहुधा गळून जातो. साहेबासमोर 'हो साहेब, जी साहेब' आणि घरात बायकोवर डाफरणे, ह्यात सौम्यपणाही नाही आणि स्वाभिमानही नाही. भीतीचा आवाज बाहेर मऊ असतो, तोच घरी येऊन कर्कश होतो.

एक शंका आमच्या घरकाम करणाऱ्या भगिनींची असेल आणि ती रास्त आहे. वूलमनजवळ पुढे स्वतःचे दुकान होते, शिंपीकाम होते. एका मृत्युपत्राचे पैसे सोडणे त्याला परवडले. बाई, मात्र, 'हे जादा काम ह्या पगारात होणार नाही' असे कितीही शांतपणे म्हणाली, तरी दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी येऊ शकते. म्हणून एका इमारतीत काम करणाऱ्या चौघींनी आधी आपसात बोलून घ्यावे आणि मग हळू आवाजात, पण एकच बोलणे बोलावे. वूलमनसुद्धा १७५८ नंतर गुलामवाल्यांच्या दारात गेला तो एकटा नव्हे, सभेने नेमलेले आणखी काही जण त्याच्याबरोबर असत.