पंधरा जीबीचे भाडे

मी व्यवसायाने संगणक अभियंता असल्याने मंडळातली मंडळी भेटली की हमखास विचारतात, "फोनवर ‘जागा संपली’ असे येते, पैसे भरून टाकू का?" एका कॉफीच्या किमतीचा प्रश्न म्हणून बहुतेक जण भरूनही टाकतात. येथे टिलबर्गमध्ये ते चालून जाते. मला काळजी वाटते ती भारतातल्या आपल्या आईवडिलांची.

आधी थोडा हिशेब. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा एका जीबीला महिना १५ सेंट पडत. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेतला हा दर २.३ सेंटवर आला. घरगुती ग्राहकाचे मात्र उलटे झाले. बॅकब्लेझच्या बॅकअपचे मासिक शुल्क २०१९ पूर्वी ५ डॉलर होते, ते ६, मग ७ आणि २०२३ मध्ये ९ झाले. गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ रोजी थांबवली. एकदा दहा वर्षांचे फोटो तिथे गेले की आपण बिऱ्हाड हलवत नाही, हे घरमालकाला पक्के ठाऊक असते.

गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेल, फोटो, कागदपत्रे असे सगळे येते. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी त्यात धरत नसत, २०२४ पासून धरू लागले. म्हणजे जुलैतल्या टिलबर्गच्या जत्रेचा नातवंडांचा व्हिडिओ आपण कौतुकाने पाठवतो, तो आजीच्या बॅकअपमध्ये गेला तर तिची जागा खातो. (रोजच्या ‘सुप्रभात’च्या फुलांबद्दल मी बोलत नाही!) जागा भरली की नवीन ईमेल येणेच बंद होते. बँकेचे पत्र, रक्ततपासणीचा अहवाल, सगळे पाठवणाऱ्याकडे परत. आपल्याला ते इथे बसून कळतही नाही.

मे २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेड व वायफाय ग्राहकांना १०० जीबी सहा महिने मोफत देऊ केले, त्यानंतर महिना १२५ रुपये. रक्कम मोठी नाही. परंतु सहा महिन्यांत १५ चे ४० जीबी झाले, तर सत्तरीतल्या माणसाने ते परत १५ वर आणायचे कसे? मला ही पद्धतच आवडत नाही. आपल्या इथल्या कौटुंबिक योजनेत आईबाबांना घेऊ म्हटले तर तेही जमत नाही, कारण गूगलच्या कुटुंबगटातले सर्व जण एकाच देशातले असावे लागतात.

म्हणून माझे मत असे, की पैसे भरण्यापूर्वी घर आवरावे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची सोय सेटिंगमध्येच आहे. जीमेलमधली मोठी जोडपत्रे काढावीत. फोटो ‘गूगल टेकआउट’मधून उतरवून दोन डिस्कांवर ठेवावेत, एक तिकडे, एक इकडे, डिस्कही बिघडते. मी स्वतः भाडे भरतो, पण भरवसा डिस्कांवर ठेवतो.

नाताळच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी टेकआउटची मागणी पोहोचल्याच दिवशी नोंदवावी. संच तयार व्हायला कधी तास, कधी दिवस लागतात, आणि तो उतरवून घ्यायला साधारण आठवडाभराचीच मुदत मिळते.