विश्लेषण : व्हेलोसिरॅप्टर खरंच ‘जुरासिक पार्क’मधल्यासारखा होता का? त्याच्या जीवाश्मांवरून वाद का?

मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ‘हेक्टर’ नावाच्या डायनोसॉरचा सांगाडा सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरना विकला गेला. हा सांगाडा डायनोनिकस या प्रजातीचा. ‘जुरासिक पार्क’मधले रॅप्टर बरेचसे याच्यावरूनच बेतले होते, नाव मात्र त्याच्या छोट्या नातेवाइकाचं वापरलं गेलं : व्हेलोसिरॅप्टर.

खरा व्हेलोसिरॅप्टर केवढा होता?

चित्रपटात तो माणसाएवढा उंच दिसतो. प्रत्यक्षात कमरेपाशी त्याची उंची जेमतेम अर्धा मीटर होती. शेपटीसह लांबी दोन मीटरच्या आसपास, वजन साधारण १५ ते २० किलो. म्हणजे मध्यम आकाराच्या कुत्र्याएवढं! शिवाय अंगावर पिसं होती. पिसं जिथे रुततात तशा खुणा त्याच्या हाताच्या हाडावर असल्याचं २००७ मध्ये समोर आलं. उडणं मात्र त्याला शक्य नव्हतं.

तो शिकार कशी करायचा?

साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वी तो आजच्या मंगोलियाच्या वाळवंटी भागात राहायचा. पायाच्या दुसऱ्या बोटावर विळ्यासारखी नखी होती. चालताना झिजू नये म्हणून ती वर उचललेली असायची. या नखीने तो भक्ष्याचं पोट फाडायचा, असं पूर्वी मानलं जाई. पण नखीची आतली कड धारदार नव्हती. त्यामुळे ससाण्यासारखं भक्ष्य पायाखाली दाबून धरायचं आणि खायला सुरुवात करायची, हे आज अनेक संशोधकांना जास्त पटतं. टोळीने शिकार केल्याचा ठोस पुरावा नाही.

हे कळलं कशावरून?

१९७१ मध्ये पोलिश-मंगोलियन मोहिमेला गोबी वाळवंटात एक थक्क करणारा जीवाश्म सापडला. व्हेलोसिरॅप्टर आणि शाकाहारी प्रोटोसेराटॉप्स लढतानाच वाळूत गाडले गेले होते. एकाची नखी दुसऱ्याच्या गळ्यापाशी, तर त्याचा हात दुसऱ्याच्या चोचीत!

मग वाद कशाचा?

हे दोन सांगाडे चोरून वेगवेगळे विकले गेले असते, तर हाडं उरली असती, लढाई नाही. जीवाश्म कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी होता, ही माहितीच तस्करीत पुसली जाते. मंगोलियात जीवाश्म ही सरकारी मालमत्ता आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघालेला टार्बोसॉरसचा सांगाडा मंगोलियाने दावा केल्यावर २०१३ मध्ये परत मिळाला. अमेरिकेत मात्र खासगी जमिनीत सापडलेला जीवाश्म जमीनमालकाचा असतो आणि तो विकता येतो.

अशा लिलावांत किमती कोटींत गेल्या की संग्रहालयं मागे पडतात. सांगाडा खासगी दिवाणखान्यात गेला, तर तो पुन्हा अभ्यासायला मिळेल याची खात्री नसते. व्हेलोसिरॅप्टरला पिसं होती, हे त्याचं नाव ठेवल्यानंतर ८३ वर्षांनी कळलं, कारण हाडं तपासायला उपलब्ध होती.