भांडवल आमचे, वजने त्यांची



पीककर्ज वाढवून मागितले की बँकेचा अधिकारी 'नियम नाही' म्हणतो. तो नियम कोणी केला हे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याने आता विचारलेच पाहिजे.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात 1988 मध्ये श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांनी ठरवले, की 100 रुपयांच्या जोखमीमागे बँकेचे स्वतःचे किमान 8 रुपये भांडवल हवे. जोखीम मोजायला वजने ठरवली. श्रीमंत देशांच्या सरकारी रोख्यांना शून्य, घरकर्जाला 50, बाकीच्या खाजगी कर्जांना 100. नियम होता देशोदेशी व्यवहार करणाऱ्या मोठ्या बँकांसाठी. भारताने 1992 मध्ये तो घेतला, पुढे 8 चे 9 केले. जिल्हा बँकांना 9 टक्के गाठायला 31 मार्च 2017 ही मुदत दिली.

त्या वजनांनी आणि 9 टक्क्यांनी हिशेब करा. लाखाच्या ऊसकर्जामागे बँकेचे 9,000 रुपये अडकतात. शिक्रापूरच्या फ्लॅटवरील लाखाच्या कर्जामागे 4,500. सरकारी रोख्यामागे काहीच नाही. बँक कोणाकडे वळेल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. शिवाय जिल्हा बँकेचे भांडवल म्हणजे कोणाचा पैसा? सोसायटी कर्ज देताना आमच्याच रकमेतून शेअर्स कापते आणि जिल्हा बँकेचे शेअर्स घेते. भांडवल आमचे, वजने मात्र दुसऱ्यांची!

हे शास्त्र आहे, त्यात राजकारण नाही, असे सांगितले जाते. ते खोटे आहे. 1988 मध्ये जपानने आपल्या बँकांकडील शेअर्सच्या न वटवलेल्या नफ्यातला 45 टक्के हिस्सा भांडवलात धरून घेतला. 2001 मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर श्रोडर यांनी ठणकावले, की लहान उद्योगांची कर्जे महाग करणारे नियम जर्मनी मानणार नाही. 2004 च्या नियमांत लहान धंद्यांच्या कर्जाचे वजन 75 वर आले. युरोपने 2013 मध्ये आपल्या कायद्यात त्यावर आणखी सवलत दिली. ज्याचे सरकार भांडले, त्याचे वजन उतरले.

भारत 2009 पासून बाझल समितीचा सभासद आहे. आमच्या प्रतिनिधींनी तेथे शेतीसाठी कोणता शब्द टाकला, हे सरकारने जाहीर करावे. नियम वाकवता येतो, हे घरीच सिद्ध झाले आहे. कर्ज थकीत ठरवताना रिझर्व्ह बँक अल्पमुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि दीर्घमुदतीच्या पिकाला एक हंगाम देते. थकबाकी मोजताना हंगाम दिसतो, तर भांडवल मोजताना का दिसू नये?

ठेवी सुरक्षित राहाव्यात, हे आम्हालाही हवे. त्यांत आमच्याही ठेवी आहेत. पण शेतीची जोखीम वाढवतो कोण? डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली ती मे 2024 पर्यंत. भाव सरकारने पाडायचा आणि जोखमीचा शिक्का कांदा पिकवणाऱ्यावर मारायचा, हा कुठला न्याय?

म्हणून तालुका बैठकीत तीन मागण्यांचा ठराव करा. शेतीकर्जाचे वजन प्रत्यक्ष वसुलीच्या आकड्यांवर ठरवा. सरकारी निर्बंधांनी बुडालेल्या कर्जाची जोखीम सरकारने उचलावी. आणि जिल्हा बँकेने कोणत्या कर्जामागे किती भांडवल धरले, हा हिशेब वार्षिक सभेत मांडावा. आम्ही सूट मागत नाही. वजनकाटा सरळ करा, एवढेच म्हणतो.