गंधकाच्या बॅटरीसाठी ई-स्कूटरची खरेदी थांबवावी का?

छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनच्या 'ऑरिक' औद्योगिक क्षेत्रात वर्षाला १० लाखांपर्यंत ई-स्कूटर बनवण्याचा प्रकल्प एथर एनर्जीने २०२४ मध्ये जाहीर केला. टोयोटा किर्लोस्करनेही त्याच वर्षी इथल्या कारखान्यासाठी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. त्यामुळे उद्याची बॅटरी कशाची असेल, हा प्रश्न इथे रोजगाराचाही आहे. आणि रील्स सांगतात, 'गंधकाची बॅटरी येतेय!'

गंधकच का?
अनेक लिथियम-आयन बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट लागतं. त्यासाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. गंधक मात्र तेलशुद्धीकरणात इंधन स्वच्छ करताना निघतोच. शिवाय एक ग्रॅम गंधकाची विद्युतभार साठवण्याची सैद्धांतिक क्षमता १,६७५ मिलिअँपिअर-तास आहे. सध्याच्या पदार्थांत ती साधारण १५० ते २०० असते.

मग अडतंय कुठे?
गंधकातून वीज जवळपास वाहतच नाही, म्हणून त्यात कार्बन मिसळावा लागतो. बॅटरी वापरताना लिथियमशी संयोग होऊन तो सुमारे ८० टक्के फुगतो. खरी डोकेदुखी वेगळीच आहे. मधल्या टप्प्यात तयार होणारी पॉलिसल्फाइड्स बॅटरीतल्या द्रवात विरघळून लिथियमच्या बाजूला जातात. त्यामुळे प्रत्येक चार्जिंगगणिक थोडा गंधक वाया जातो आणि बॅटरी लवकर दम तोडते.

ग्राहकाने काय पाहावं?
गंधकाच्या बॅटरीतही लिथियम लागतंच. पुढची रील दिसली, की रेंजच्या आधी एकच विचारा: ही बॅटरी किती वेळा चार्ज होते? उत्तर नसेल, तर खरेदी थांबवण्याचं कारण नाही.