शाळेच्या खिडक्या आणि सरकारचे कर्ज

राज्यातील शाळा सोमवारी, २४ जानेवारी २०२२ला, पुन्हा उघडल्या. १० जानेवारीला त्या बंद केल्या तेव्हा मुदत १५ फेब्रुवारीपर्यंतची होती. पालक आणि शिक्षकांचा रेटा व ओमायक्रॉनचे सौम्य स्वरूप पाहून सरकारने दोन आठवड्यांतच निर्णय फिरवला. बरे केले. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवल्याने काही ठिकाणी मुले तेव्हाही घरीच होती. पुढच्या मंगळवारी, १ फेब्रुवारी २०२२ला, केंद्राचा अर्थसंकल्प येणार होता आणि सरकारने किती कर्ज काढावे, तूट किती वाढू द्यावी यावर आठवडाभर चर्चा झडणार होती. शाळांची बातमी एका पानावर, कर्जाची दुसऱ्या. जवळपास दोन वर्षे हे असेच चालले होते. शाळांचा वाद डॉक्टर आणि पालकांचा, कर्जाचा वाद अर्थतज्ज्ञ आणि मंत्र्यांचा. मी सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण शाळा सुरक्षितपणे उघडायला काय लागते, हा प्रश्न वैद्यकीय म्हणून सुरू होतो आणि दोन वाक्यांत पैशांवर येऊन थांबतो, एवढे मला दिसते.

आधी कर्जाचे पाहू. मे २०२० मध्ये केंद्राने त्या वर्षापुरती राज्यांची कर्जमर्यादा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेली. वाढीव २ टक्क्यांपैकी अर्धा टक्का विनाअट, बाकीच्याला अटी. अटी कशाच्या? एक देश एक रेशनकार्ड, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि नागरी संस्थांचे उत्पन्न. रेशनकार्डाची अट योग्यच होती, गावाकडे परतलेल्या मजुरांचे हाल आपण पाहिले आहेत. पण साथीच्या नावाने वाढवलेल्या मर्यादेच्या अटींत शाळेचा विषयच नव्हता. त्याच महिन्यात, ४ मे रोजी, आपल्या राज्य सरकारने विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि नोकरभरती थांबवली. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागाला भरतीतून सूट मिळाली, ती आवश्यकच होती. शालेय शिक्षणाला मिळाली नाही. मग वस्तू व सेवा कराच्या भरपाईवरून केंद्र आणि राज्ये भांडली, शेवटी केंद्राने राज्यांच्या वतीने १ लाख १० हजार कोटींचे कर्ज काढले. २०२०-२१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या ९ टक्क्यांवर गेली. एवढे कर्ज आपण यापूर्वी क्वचितच काढले असेल. आणि त्यानंतरच्या, म्हणजे २०२१-२२च्या अर्थसंकल्पात शिक्षणाची तरतूद मूळ ९९,३१२ कोटींवरून ९३,२२४ कोटींवर आली.

शाळा जवळजवळ वर्षभर बंद राहिल्यानंतर, त्या उघडायच्या वर्षात, तरतूद कमी. हा आकडा पाहिला तेव्हा मी तो दोनदा तपासला.

आता वैद्यकीय बाजू. एप्रिल-मे २०२१ मध्ये शाळा उघडा असे कोणी म्हणाले असते तर मीच विरोध केला असता. तेव्हा खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता, आणि मुलांकडून घरातल्या आजी-आजोबांकडे विषाणू जाण्याची भीती खरी होती. लसही बहुतेकांना मिळालेली नव्हती. पण सगळा काळ एप्रिल-मेसारखा नव्हता. मुलांना या आजाराचा धोका मोठ्यांपेक्षा फार कमी आहे, हे २०२० मध्येच दिसू लागले होते. स्वीडनने पहिल्या लाटेत सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा बंद केल्या नाहीत. मार्च ते जून २०२० या काळात तिथल्या सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी १५ जणांना कोविडमुळे किंवा कोविडनंतरच्या दाहामुळे अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि एकही मूल दगावले नाही. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासूनच लहान मुलांचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे जून-जुलै २०२१च्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात ६ ते ९ वयोगटातील ५७ टक्के मुलांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता आणि बहुतेकांच्या आईवडिलांना पत्ताही लागला नव्हता. आयसीएमआरचे महासंचालक बलराम भार्गव यांनी त्याच जुलैत सांगितले की उघडायच्याच असतील तर प्राथमिक शाळा आधी उघडा. आपण नेमके उलट केले. मोठ्यांचे वर्ग आधी, आणि पहिली-दुसरीची मुले डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांत शेवटी. त्याआधी १७ ऑगस्टपासून वर्ग सुरू करण्याचा आदेश निघाला आणि कृतिदलाच्या आक्षेपानंतर अडकला. या सगळ्या काळात मॉल, हॉटेले आणि लग्नाचे हॉल कधी उघडले ते आठवून पाहा.

स्वीडनचे उदाहरण दिले की लगेच प्रश्न येतो, आपला वर्ग आणि त्यांचा वर्ग सारखा आहे का? नाही. प्रश्न रास्त आहे आणि इथेच पैशांचा विषय सुरू होतो. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात धोका कमी करायचा तर हवा खेळती हवी, म्हणजे उघडणाऱ्या खिडक्या, जाळ्या, पंखे आणि पंख्यांना वीज. गर्दी कमी करायची तर दोन पाळ्या, म्हणजे जास्त शिक्षक. हात धुवायला नळाला पाणी आणि साबण. मुलांना मुखपट्ट्या. यातले काहीही परग्रहावरून आणायचे नाही. पण समग्र शिक्षा योजनेत १०० ते २५० पटाच्या शाळेला मिळणारे वार्षिक अनुदान तेव्हा ५० हजार रुपये होते. खडू, वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता सगळे त्यातच. २०० मुलांची शाळा धरली तर डोई वर्षाला २५० रुपये. वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा शाळेला मार्गदर्शक सूचनांची वीस पाने पाठवली आणि मुख्याध्यापकांना जबाबदार धरले, की ‘शाळा सुरू करण्याची तयारी’ पूर्ण झाली असे समजायचे.

खर्च झालाच नाही असेही नाही. रस्त्यांवर आणि भिंतींवर सोडियम हायपोक्लोराइट फवारले गेले. अशा उघड्यावरच्या फवारणीचा उपयोग नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते. शाळाशाळांत कपाळावर धरायच्या थर्मल गन आल्या. ज्या आजारात लक्षणे नसलेलाही संसर्ग पसरवतो, त्यात ताप मोजून किती जण पकडणार? पण फवारणीचे आणि थर्मल गनचे छायाचित्र निघते, गंजलेल्या बिजागरीची खिडकी दुरुस्त केल्याचे निघत नाही.

शाळा बंद ठेवणे हा फुकटचा उपाय आहे असे सर्वांनी मनाशी धरले होते, कारण त्याचा खर्च कोणत्याही खतावणीत लिहिला जात नाही. माझ्या ओपीडीत तो दिसतो. शाळा ही या राज्यातली सर्वांत मोठी आरोग्यसेवा आहे, हे आपण विसरतो. दहा वर्षांवरील मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेत मिळते. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येऊन डोळे, दात, हृदयाचे ठोके, त्वचा तपासते, आणि हृदयाला जन्मतः छिद्र असलेले मूल त्यातून शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचते. दुपारी गरम खिचडी. शाळा बंद झाल्यावर तांदूळ-डाळ घरी दिली गेली, काही ठिकाणी दोन-तीन महिन्यांची एकदम. ती घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटली जाते, हे कोणत्याही आईला विचारा. जंतनाशकाच्या गोळ्या आशाताईंनी दारोदार फिरून दिल्या, त्यांचे ऋण आहेच, पण आठवड्याची लोहाची गोळी दारोदार कोण देणार? तपासणी पथकांतले अनेक डॉक्टर कोविड केंद्रांवर नेमले गेले. राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. गेल्या वर्षभरात दम लागतो, चक्कर येते म्हणून आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींमध्ये मला दोन गोष्टी वारंवार दिसल्या: हिमोग्लोबिन फार कमी, आणि ‘कितवीत आहेस’ या प्रश्नावर आईकडे पाहणे. काहींच्या गळ्यात मंगळसूत्र होते. त्यांना पुन्हा शाळेत आणणारी गोळी माझ्याकडे नाही.

शिक्षणाच्या नुकसानीबद्दल मी फक्त दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतील सुमारे १६ हजार मुलांची पाहणी केली, तेव्हा ९२ टक्के मुले भाषेतले किमान एक तरी आधी येत असलेले कौशल्य विसरली होती. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदींनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातली ८ टक्के मुलेच नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. ऑनलाइन शाळा तुमच्या-माझ्या घरी भरली. तीही कशी भरली, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आता कर्जाविरुद्धचा युक्तिवाद. आजचे कर्ज उद्या याच मुलांना फेडायचे आहे, असे म्हणतात. जून २०२० मध्ये मूडीजने भारताची पत एक पायरी खाली आणली, महाराष्ट्रावरील कर्ज २०२२ मध्ये सहा लाख कोटींच्या पुढे होते. ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. सरकारकडचा पैसा आटला की पहिली कात्री कुठे लागते हे सरकारी रुग्णालयातल्या माणसाला सांगावे लागत नाही: रिक्त पदे भरली जात नाहीत आणि औषधे बाहेरून आणायला सांगावे लागते. पण मुलांच्या नावाने कर्जाला विरोध करायचा असेल, तर चौथीत जाऊनही वाचता न येणारे मूल ते कर्ज कशातून फेडणार, याचेही उत्तर द्यावे लागेल. कर्ज एवीतेवी निघतेच आहे. केंद्राचे २०२१-२२चे नियोजित कर्ज १२ लाख कोटींचे होते. वाद आहे तो त्यात शाळेच्या वाट्याला काय येते याचा.

हा वाद इतरत्र उघडपणे झाला. ब्रिटनमध्ये शिक्षणाची भरपाई कशी करायची हे सांगण्यासाठी सरकारनेच नेमलेल्या केव्हन कॉलिन्स यांनी सुमारे १५ अब्ज पौंडांची योजना मांडली, सरकारने १.४ अब्ज जाहीर केले, आणि जून २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अमेरिकेने मार्च २०२१ मध्ये कर्ज काढून शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले आणि त्यातला ठरावीक हिस्सा मागे पडलेल्या मुलांवरच खर्च करण्याचे बंधन घातले. अर्थात तिथल्या अनेक शहरांतल्या शाळा त्यानंतरही बराच काळ पूर्ण उघडल्या नाहीत. पैसा असूनही निर्णय अडतो, हे खरेच. पण आपल्याकडे या हिशेबासाठी कोणाला नेमलेच नाही, त्यामुळे राजीनामा द्यायलाही कोणी नाही.

शाळा उघडल्या म्हणजे मुले पोहोचली असेही नव्हे. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एसटीचा संप सुरू होता. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर मी इथे मत देत नाही. पण शेजारच्या गावातल्या माध्यमिक शाळेत मोफत पासावर जाणारी मुलगी तेव्हा वडापच्या जीपचे पैसे देऊ शकत नव्हती, म्हणून ती घरी होती. तिच्यासाठी शाळा २४ जानेवारीला उघडली नाही. तिची शाळा कधी उघडणार हे शिक्षण खात्यापेक्षा परिवहन आणि वित्त खात्यावर अवलंबून होते.

त्या मंगळवारच्या आणि नंतर मार्च २०२२मधल्या राज्याच्या अर्थसंकल्पात मी पाहणार होतो ते एवढेच: शाळांची खोली, खिडकी, पाणी, वीज यासाठी वेगळी तरतूद आहे का, मागे पडलेल्या मुलांसाठी रोज एक जादा तास घ्यायला माणसे मिळणार का, रिक्त शिक्षकपदे भरणार का, शिजवलेला आहार पुन्हा सुरू करताना त्यात अंडे किंवा केळे येणार का, आणि बाल स्वास्थ्याची पथके कोविडच्या कामातून मोकळी होणार का. पुढची लाट आली तर शाळा कोणत्या आकड्याला बंद होणार आणि कोणत्या आकड्याला उघडणार, हेही आत्ताच, गाव आणि प्रभाग पातळीवर ठरवून ठेवायला हवे. ७ जानेवारी २०२२ला मुंबईत एका दिवसात २० हजारांहून अधिक रुग्ण सापडले म्हणून दुर्गम पाड्यावरची शाळाही त्या पाठोपाठ बंद व्हावी, याला वैद्यकीय आधार नाही.

पालकांसाठी थोडे. मुलाला ताप, खोकला असेल तर त्याला घरी ठेवा, नसेल तर पाठवा. १५ वर्षांवरील मुलांची लस ३ जानेवारी २०२२पासून सुरू झाली. घरातल्या ज्येष्ठांच्या दोन मात्रा झाल्या नसतील तर आधी त्या पूर्ण करा, कारण घरात धोका त्यांनाच अधिक आहे. लोहाची गोळी मिळते का, हे मुलीला विचारा. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत यंदाचे अनुदान किती आले, कधी आले आणि वर्गाच्या किती खिडक्या उघडतात, हे विचारून इतिवृत्तात लिहून घ्या.